लघुउद्योजकाला संकेतस्थळ हवेच कशाला?

प्रतिनिधी

मार्च महिना उजाडला की नवी मुंबईत वाशीच्या बाजार समितीत कोकणातून येणाऱ्या आंब्याच्या पेट्यांची आवक वाढू लागते. रात्रभर प्रवास करून आलेले ट्रक आणि टेम्पो पहाटे रिकामे होतात, पेट्या गाळ्यांवर लागतात, भाव ठरतो आणि काही तासांतच ती पेटी पुढच्या प्रवासाला निघते. देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराने वर्षभर राखलेले झाड, मोहोर टिकावा म्हणून केलेल्या फवारण्या, तुडतुडे आणि फुलकिडीशी घेतलेली झुंज, अवकाळी पावसाच्या धास्तीने काढलेल्या रात्री यांपैकी काहीच त्या पेटीबरोबर ग्राहकाच्या घरी पोहोचत नाही. बहुतेक वेळा बागायतदाराचे नावही पोहोचत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी दादरच्या, कोथरूडच्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या घरात कुणीतरी मोबाईल हातात घेऊन ‘अस्सल देवगड हापूस’ अशी अक्षरे टंकित असतो. त्याला खात्रीचा आंबा हवा आहे, बागायतदाराला खात्रीचे गिऱ्हाईक हवे आहे. पण या दोघांची गाठ पडत नाही. गाठ पडते ती मधल्या एखाद्याची, ज्याची बाग कुठेही नसली तरी संकेतस्थळ मात्र झोकदार असते.

लहान व्यावसायिकाला संकेतस्थळाची गरज काय, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे विचारला जात आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा हा प्रश्न गैरलागू होता, कारण गिऱ्हाईकच महाजालावर नव्हते. २००० च्या सुमारास डॉट कॉमची लाट आली आणि ओसरलीही. त्या काळात पोळलेल्यांनी ‘हे आपले काम नव्हे’ असा धडा घेतला आणि त्या वेळेपुरता तो बरोबरही होता. २०१६ नंतर मात्र चित्र पालटले. स्वस्त मोबाईल डेटा आणि यूपीआय ही दोन्ही एकाच वर्षी आली. भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकू लागला. गिऱ्हाईक महाजालावर येऊन बसले. दुकानदार मात्र अजून पाटीवर नाव रंगवून स्वस्थ आहे.

या लेखात आंबा उत्पादकाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. त्याचा व्यवसाय लहान आहे, माल नाशवंत आहे, हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आहे आणि त्याचे गिऱ्हाईक त्याच्या गावात राहत नाही. नेमक्या अशाच उद्योगाला संकेतस्थळाचा सर्वाधिक उपयोग होतो. शिवाय कायद्याने त्याचा मार्ग बराचसा मोकळाही करून दिला आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यामुळे उत्पादकाला आपला माल थेट कुणालाही विकण्याची मुभा मिळाली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांचा समावेश आहे. म्हणजे विकण्याचा अधिकार आला आणि नावाला संरक्षणही आले. उरली ती ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट.

टाळेबंदीने शिकवलेला व्यापार

ही वाट अनेकांना सापडली ती अत्यंत नाइलाजाने. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हापूसचा हंगाम तोंडावर होता. बाजारपेठा कधी सुरू, कधी बंद. वाहतुकीचे परवाने मिळवण्यासाठी धावपळ. आणि झाडावर फळ तयार. आंबा थांबत नाही. तेव्हा कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला. एका संस्थेतून पन्नास पेट्यांची मागणी आली की टेम्पो भरायचा आणि थेट फाटकाशी नेऊन उभा करायचा, अशी पद्धत रूढ झाली. एस. टी. महामंडळाने मालवाहतुकीला आरंभ केला तोही त्याच वर्षीच्या मे महिन्यात, आणि कोकणचा आंबा त्या गाड्यांतूनही शहरांकडे आला.

हा सारा व्यापार प्रामुख्याने व्हॉट्सअ‍ॅपवर झाला. बागायतदारांना प्रथमच कळले की आपला आंबा खाणारा माणूस कोण आहे, कुठे राहतो आणि त्याला काय आवडले नाही. हे ज्ञान पैशांत मोजण्यासारखे नाही असे कुणी म्हणेल, परंतु ते पैशांतही मोजता येते. वाशीला पाठवलेल्या पेटीच्या भावातून वाहतूक, हमाली आणि इतर कपाती जाऊन जे हाती पडते त्यापेक्षा थेट विकलेल्या पेटीचे हाती पडलेले पैसे अधिक असतात. अर्थात त्यासाठी पुठ्ठ्याचा मजबूत खोका, घरपोच पाठवणीचा खर्च, खराब निघालेल्या फळांची भरपाई आणि दिवसभर खणखणणारा फोन यांचा भार उत्पादकाने उचलावा लागतो. दलाल फुकट खात नव्हता, तो ही कामे करीत होता, हेही त्या वर्षी अनेकांच्या लक्षात आले.

मात्र हंगाम संपला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मार्च आला तेव्हा वेगळाच अनुभव आला. आदल्या वर्षीचे क्रमांक मोबाईलमध्ये होते, पण त्यांतील कित्येकांनी बागायतदाराचा क्रमांक जतन केलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रक्षेपण यादीची मेख इथेच आहे. एका यादीत २५६ जणांपर्यंतच नावे घालता येतात, आणि ज्याने तुमचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. गिऱ्हाईकाला आंब्याची चव आठवत होती, नाव आठवत नव्हते. मग त्याने काय केले? तेच, जे आपण सर्वजण करतो. गूगलवर शोधले. आणि तिथे त्याला तो बागायतदार सापडला नाही.

व्हॉट्सअ‍ॅप निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. जानेवारी २०१८ पासून भारतात उपलब्ध असलेली त्याची व्यावसायिक आवृत्ती लहान दुकानदाराला फार सोयीची आहे. मालाची यादी लावता येते, ठरावीक प्रश्नांची उत्तरे आपोआप देता येतात. पण ओळख झालेल्या गिऱ्हाईकाशी बोलण्याचे ते साधन आहे. अनोळखी माणसाने तुम्हाला शोधून काढावे, यासाठी ते नाही.

भाड्याची जागा आणि स्वतःची जागा

मग फेसबुकचे पान आहे, इन्स्टाग्राम आहे. संकेतस्थळाचा वेगळा खर्च कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. तो रास्त आहे. कित्येक लहान उद्योजकांचा, विशेषतः घरगुती दागिने, साड्या आणि फराळ विकणाऱ्या महिलांचा, धंदा या पानांवर उत्तम चालतो. त्यांना कुणी वेड्यात काढण्याचे कारण नाही. परंतु ही जागा भाड्याचीही नव्हे, तर मालकाच्या मर्जीने फुकट मिळालेली ओसरी आहे, एवढे भान ठेवावे.

महाजालाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास याबाबत पुरेसा बोलका आहे. एके काळी हौशी आणि छोट्या व्यावसायिकांची लक्षावधी पाने असलेले याहूचे जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. भारतात घराघरांत पोहोचलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये गेले. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्यावर लाखो अनुयायी जमवलेल्यांची जमापुंजी एका रात्रीत शून्य झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाली; ज्यांचा सगळा व्यवहार या तिघांवरच होता त्यांची दुकाने तेवढा वेळ अक्षरशः नाहीशी झाली होती.

याहून अधिक बोध घ्यावा असे उदाहरण खुद्द गूगलचे आहे. भारतातील लघुउद्योजकांना महाजालावर आणण्यासाठी गूगलने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एक मोहीम काढली होती. तीत पहिल्या वर्षासाठी संकेतस्थळ आणि नाव विनामूल्य दिले जात होते. पुढे नकाशावरील व्यवसाय-नोंदीबरोबरच एक साधे, आपोआप तयार होणारे संकेतस्थळ देण्याची सोयही गूगलने केली. अनेक दुकानदारांनी तेवढ्यावर समाधान मानले. दुकानाच्या पिशव्यांवर आणि पाटीवर तो पत्ता छापून घेतला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. पत्ते काही महिने दुसरीकडे वळवून दिले गेले, नंतर तेही थांबले. पिशव्यांवरचा पत्ता मात्र तसाच राहिला.

स्वतःच्या नावावर नोंदलेला पत्ता याला अपवाद आहे. त्यामागील संकेतस्थळ कुणी बांधले, कोणत्या सर्व्हरवर ठेवले, हे बदलता येते. पत्ता तोच राहतो. घर बदलले तरी टपाल पोहोचत राहावे, अशी ही सोय आहे. म्हणूनच फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, नकाशा यांपैकी जे उपयोगी पडेल ते अवश्य वापरावे, परंतु त्या सर्वांवरून गिऱ्हाईकाला आपल्या पत्त्यावर आणावे, हा या विषयातील सर्वात व्यवहार्य सल्ला ठरतो.

पत्ता नेमका कुणाच्या नावावर?

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण फसगत बहुधा इथेच होते. लहान व्यावसायिक एखाद्या ओळखीच्या तरुणाकडे किंवा शहरातील एखाद्या छोट्या कंपनीकडे संकेतस्थळ बनवण्याचे काम सोपवतो. तो तरुण सोयीसाठी नाव स्वतःच्याच खात्यातून नोंदवतो. दोन-तीन वर्षे सुरळीत जातात. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त परगावी जातो, किंवा पैशांवरून बिनसते, आणि एके दिवशी नूतनीकरणाअभावी संकेतस्थळ बंद पडते. तेव्हा उद्योजकाला कळते की आपल्या दुकानाच्या नावाचा पत्ता कागदोपत्री आपला नाहीच. सूचनेचे ई-मेलही दुसऱ्याच्याच पेटीत जात होते. मुदत उलटल्यावर काही काळ ते नाव जादा शुल्क भरून सोडवता येते, पण त्यानंतर ते खुले होते आणि कुणीही घेऊ शकतो. हंगामी व्यवसायात हा धोका अधिक, कारण ऐन पावसाळ्यात आंब्याच्या संकेतस्थळाकडे पाहतो कोण!

यावर उपाय सोपा आहे. नाव नोंदवताना नोंदणीदार म्हणून स्वतःचे किंवा आपल्या संस्थेचे नाव, स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा मोबाईल द्यावा. खात्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. एकाच वेळी पाच वर्षांचे शुल्क भरून टाकावे. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’चे वार्षिक शुल्क साधारणतः एका कुटुंबाच्या हॉटेलातील जेवणापेक्षा अधिक नसते. देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे नाव २०१४ च्या ऑगस्टपासून मराठीसह अनेक भाषांसाठी उपलब्ध आहे. मराठी ग्राहकाला ते आपुलकीचे वाटेल यात शंका नाही, मात्र सर्वच ठिकाणी ते टंकण्याची सवय लोकांना अद्याप नाही. म्हणून रोमन लिपीतील नाव मुख्य ठेवून देवनागरी नाव जोडीला घेणे इष्ट.

शोधणाऱ्याला सापडावे कसे?

संकेतस्थळ उभारले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येऊ लागते, हा समज बाळगणारे लवकरच निराश होतात. जंगलात दुकान थाटून पाटी लावण्यासारखे ते आहे. शोधयंत्र काय करते, ते थोडक्यात समजून घेतले तर पुढील बऱ्याच गोष्टी उलगडतात. गूगलचा संगणकीय हस्तक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधारे फिरत असतो, जे वाचले त्याची सूची करतो, आणि कुणी काही शोधले की त्या सूचीतून जुळणारी पाने क्रमाने मांडतो. हा हस्तक प्रामुख्याने मजकूर वाचतो. आपल्याकडील कित्येक दुकानदार मात्र एका सुंदर रंगीत चित्रातच नाव, भाव, पत्ता, सारे कोंबतात आणि ते चित्र पानावर चिकटवतात. माणसाला ते दिसते. यंत्राच्या दृष्टीने ते पान जवळजवळ कोरे असते.

दुसरी गोष्ट भाषेची. गिऱ्हाईक ‘हापूस’ असे देवनागरीत शोधते, रोमन लिपीत शोधते, ‘अल्फान्सो’ असेही शोधते. पुण्यातील आजोबा ‘देवगडचा आंबा घरपोच’ असे बोलून शोधतात, कारण आता फोनशी बोलता येते. तेव्हा पानावर मराठी मजकूर हवाच, आणि इंग्रजीही हवा. मराठीतून लिहिलेली व्यापारी पाने आजही तुलनेने थोडी आहेत. त्यामुळे मराठीत नीट लिहिलेल्या पानाला स्पर्धा कमी भेटते. मराठीचा अभिमान म्हणून नव्हे, तर निव्वळ धंद्याचा हिशेब म्हणून हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट नकाशावरील नोंद. ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने २०१४ पासून मिळणारी आणि २०२१ मध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’ असे नामांतर झालेली ही नोंद विनामूल्य आहे. गावातील दुकान, दवाखाना, गॅरेज, खानावळ यांच्यासाठी तर ती संकेतस्थळाहूनही आधी करावी अशी गोष्ट आहे. जवळपासच्या शोधात कोण वर दिसेल, हे ठरवताना शोधलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी हे तीन निकष लावले जातात, असे गूगल स्वतः सांगते. अंतर आपल्या हाती नाही. बाकीचे दोन्ही आहेत : व्यवसायाचा प्रकार अचूक लिहिणे, वेळा खऱ्या लिहिणे, ग्राहकांनी दिलेल्या अभिप्रायांना उत्तरे देणे. दुकान दुपारी १ ते ४ बंद असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. पुण्यात तर ते लिहिले नाही तरच लोकांना संशय येईल. संकेतस्थळाला मात्र वामकुक्षी नसते, हा त्याचा आणखी एक गुण.

खोटे अभिप्राय विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. ते ओळखले गेल्यास नोंदच निलंबित होऊ शकते, आणि एकाच दिवशी एकाच साच्यातील पंधरा स्तुतिपर अभिप्राय वाचून शहाणे गिऱ्हाईक तसेही सावध होते.

विश्वास हाच खरा माल

आंब्याच्या व्यवसायातील सर्वात मोठे दुखणे भेसळीचे आहे. परराज्यातून आलेला, दिसायला सारखा आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात भरून विकला जातो, ही तक्रार दर हंगामात होते. खोका छापायला परवाना लागत नाही. या फसवणुकीत ग्राहकाचे पैसे जातात आणि बागायतदाराचे नाव जाते, आणि दुसरे नुकसान अधिक काळ टिकते. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर विशिष्ट सांकेतिक क्रमांक असलेले चिकटपट्टीवजा लेबल लावण्याची पद्धत आणली, ती याच कारणाने. ग्राहकाने त्या क्रमांकाची पडताळणी केली की फळ कुणाच्या बागेचे, हे त्याला कळावे अशी कल्पना आहे. हीच संस्था स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विक्रीही करते. एकट्या बागायतदाराला जे जमत नाही ते सहकारातून जमू शकते, याचा हा नमुना आहे. ज्यांना स्वतंत्र संकेतस्थळाचा व्याप झेपत नाही, अशा दहा-बारा शेजाऱ्यांनी मिळून एक काढले तर त्यात कमीपणा काही नाही.

परंतु लेबल हे शेवटी शिक्कामोर्तब असते. विश्वास बसतो तो तपशिलाने. बहुतेक आंबा-संकेतस्थळांवर तीच ती चित्रे दिसतात : कापलेला आंबा, पिवळाधमक रस, हिरवे पान. ती कुठल्याही देशातील आंब्याची असू शकतात. त्याऐवजी आपल्या बागेतील कातळ, आढीत गवतावर लावलेली फळे, घरातील माणसे यांची साधी, मोबाईलवर काढलेली छायाचित्रे अधिक बोलतात. फळाचे वजन ग्रॅममध्ये द्यावे. ‘पाच डझनांची पेटी’ एवढेच लिहिले तर दोनशे ग्रॅमचे फळ आणि तीनशे ग्रॅमचे फळ यांतील फरक ग्राहकाला कळत नाही, आणि भावातील तफावत त्याला लूट वाटते. फळ कच्चे पाठवणार की अर्धपिके, पिकायला साधारण किती दिवस लागतील, घरी कसे ठेवावे, साका निघाला किंवा फळ नासले तर भरपाई कशी, कोणत्या पिनकोडपर्यंत पाठवणी होते, हे सर्व स्पष्ट लिहावे. कार्बाईड वापरून फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. आपण ती पाळतो, एवढे म्हणून न थांबता आपली पिकवण्याची रीत दोन परिच्छेदांत सांगितली तर वाचणारा ती आवडीने वाचतो. शहरातील नव्या पिढीला आढी म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

हंगाम संपल्यावरही पान जिवंत राहिले पाहिजे. मोहोर कधी आला, थंडी किती पडली, पहिली तोड केव्हा अपेक्षित आहे, यंदा फळ कमी का, अशी चार-सहा ओळींची नोंद महिन्यातून एकदा केली तरी पुरे. फेब्रुवारीतच ‘यंदा आंबा महाग का?’ असा शोध घेणारे लोक असतात. त्याचे उत्तर बागेतून मिळाले तर मार्चमध्ये मागणी नोंदवताना ते कुणाकडे जातील, हे वेगळे सांगायला नको.

एक जपून करण्याची गोष्ट म्हणजे परदेशाचे आश्वासन. अमेरिकेत भारतीय आंब्याला २००७ पासून प्रवेश मिळाला तो विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. ही प्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रातच होते. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाला पेटी पाठवण्याचे काम कुरिअरने होण्यासारखे नाही. मात्र त्याच कुटुंबाला ठाण्यात राहणाऱ्या आई-वडिलांच्या घरी पेटी पाठवायची असते, अक्षय्य तृतीयेला हमखास. पैसे भरणारा एका देशात आणि आंबा खाणारा दुसऱ्या देशात, अशी ही मागणी दुकानाच्या फळीवर कधीच येऊ शकत नाही. ती संकेतस्थळावरच येते.

जाहिरातीचा हिशेब

महाजालावरील जाहिरात वर्तमानपत्रातील जाहिरातीहून वेगळी असते. येथे बहुधा जाहिरात दाखवल्याचे नव्हे, तर कुणी ती दाबल्याचे पैसे मोजावे लागतात, आणि तो दर लिलावाने ठरतो. रोजच्या खर्चाची मर्यादा घालता येते, विशिष्ट शहरापुरतीच जाहिरात दाखवता येते. ही सोय आहे तसेच ते एक छिद्रही आहे. हिशेब न ठेवल्यास पैसे गळत राहतात आणि कळत नाही.

समजा, एका क्लिकला १० रुपये पडले आणि संकेतस्थळावर येणाऱ्या ५० जणांपैकी एकाने पेटी घेतली, तर त्या एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च ५०० रुपये झाला. वाशीला पाठवण्याऐवजी थेट विकल्यामुळे, पाठवणीचा सर्व खर्च वजा जाता, पेटीमागे ८०० रुपये अधिक सुटत असतील तर ३०० रुपये खरा लाभ. पण ५० ऐवजी १०० जणांपैकी एकाने घेतली तर २०० रुपयांचा तोटा, आणि वर दगदग. म्हणून जाहिरात वाढवण्याआधी पान सुधारावे : ते मोबाईलवर चटकन उघडते का, भाव शोधायला खाली-वर जावे लागते का, फोन क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागतो का. दुसरी बाजू अशी की तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी जाहिरातीविना परत आले, तर पहिल्या वर्षीचे ५०० रुपये दोन हंगामांत विभागले जातात. जुन्या गिऱ्हाईकांची यादी, त्यांच्या संमतीने, जपून ठेवणे हे या धंद्यातील खरे भांडवल आहे. संमतीचा उल्लेख औपचारिकता म्हणून केलेला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि न विचारता धाडलेल्या संदेशांना लोक कंटाळले आहेत.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर माल ठेवणे हाही एक पर्याय आहे. तेथे गर्दी आयती मिळते, त्या बदल्यात दलाली द्यावी लागते. मुख्य अडचण दलालीची नाही. गिऱ्हाईक कोण, हे तेथे विक्रेत्याला पुरतेपणी कळत नाही. पुन्हा वाशीसारखीच गत. सुरुवातीला तेथून विक्री करावी, खोक्यात स्वतःचे नाव-पत्ता असलेला कागद ठेवावा, एवढा चतुरपणा मात्र प्रत्येकाला जमण्यासारखा आहे. त्या त्या संकेतस्थळाच्या अटी तेवढ्या आधी वाचाव्यात.

नियमांची चौकट

स्वतःच्या संकेतस्थळावरून पैसे घेऊन विक्री सुरू केली की काही जबाबदाऱ्या येतात. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील पानावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. लहान उद्योगात हा अधिकारी म्हणजे अर्थातच मालक स्वतः. ताज्या आंब्यावर वस्तू व सेवा कर नाही, परंतु आमरस, आंबापोळी, लोणचे, कोकम सरबत यांची विक्री सुरू झाली की कर येतो आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवानाही लागतो. असा करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल तर उलाढाल लहान असली तरी करनोंदणीचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा आधी करसल्लागाराला विचारून घेणे श्रेयस्कर. हस्तकलेच्या वस्तूंना यात काही सवलत आहे.

हस्तकलेवरून आठवले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडा या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला झळकल्या, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला त्यांचे भारतीय मूळ मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन मिळालेले होते. त्या दिवसांत जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील एखाद्याला ‘ही मूळची चप्पल कोण बनवतो, ती मला मिळेल का?’ असे कुतूहल वाटले असेल, तर त्याच्या शोधाला उत्तर देणारे पान ज्या कारागिराजवळ नव्हते, त्याच्यापुरती ती सारी चर्चा वाऱ्यावर गेली. वर्तमानपत्रांतील मथळे त्याच्या बाजूचे होते. त्याचा पत्ता मात्र कुणाजवळ नव्हता.

सर्वांनाच संकेतस्थळ हवे, असे मात्र नाही. नाक्यावरच्या चहावाल्याला, रोजच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीला नकाशावरील नोंद आणि एक फोन क्रमांक पुरतो. ज्याचा माल आधीच एका मोठ्या कारखान्याला ठरलेला आहे, त्या सुट्या भागांच्या कारखानदाराला गिऱ्हाईक शोधायचे नसते. तरी एकाच कारखान्यावर विसंबणे धोक्याचे वाटू लागले की त्यालाही यंत्रांची यादी आणि क्षमता सांगणारे एक पान लागते, कारण नवा खरेदी अधिकारी फोन करण्याआधी नाव शोधून पाहतो. दूरचे गिऱ्हाईक, खात्रीची गरज असलेला माल आणि सांगण्यासारखी काही माहिती, या तिन्हींपैकी दोन गोष्टी ज्या व्यवसायात आहेत त्याने खर्च करण्यास हरकत नाही.

आंबा उत्पादकांपुरते बोलायचे तर हे काम फेब्रुवारीत हाती घेणे म्हणजे उशीर. नव्या संकेतस्थळाची शोधयंत्राने दखल घेऊन ते वर दिसू लागण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. पाऊस ओसरला, बागेतील साफसफाई आटोपली की ऑक्टोबरात नाव नोंदवावे, मजकूर मोहोर येण्यापूर्वी लिहून टाकावा, आणि गेल्या हंगामातील गिऱ्हाईकांना जानेवारीत पहिला संदेश पाठवताना त्यात तो पत्ता द्यावा.